दहा वर्षांची लेक घरी शिकते, तिला परीक्षा कोणत्या पातळीची द्यावी?

पत्र

ताई, आम्ही शिरपूर तालुक्यात राहतो. शेती आहे, बरीचशी कापसाची, थोडी केळी. मुलीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिसरी पास झाली आणि आम्ही तिला काढून घरी शिकवायला लागलो. आता तिला दहा वर्षं पूर्ण झाली आहेत. वाचनाची इतकी आवड की हातातलं पुस्तक सुटत नाही, सातवीचे मराठी धडे वाचून मला त्यांची गोष्ट सांगते. पण भागाकार काढला की रडायला लागते. आता वाटतं, एखादी रीतसर परीक्षा द्यावी. पण कोणत्या पातळीची? तिच्या जुन्या बाई म्हणतात, तिसरीच झाली आहे, तर तिसरीच्या पातळीपासून करा. दीर म्हणतात, पोरगी हुशार आहे, सरळ आठवीची द्या, वर्षं वाचतील. नणंद अमेरिकेत असते, तिची मुलंही घरीच शिकतात. तिने तिकडची आयोवा नावाची चाचणी सुचवली, पण त्यात ‘लेव्हल १०’ पाहून मी घाबरले. सासरे म्हणतात, नापास झाली तर गावात काय सांगायचं? आणि घरात आम्ही अहिराणी बोलतो, त्याने काही बिघडेल का?

— एक आई, शिरपूर तालुका

उत्तर

ताई, तुम्ही थेट विचारलंत, म्हणून आधी थेट उत्तर. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची ती पाचवीच्या पातळीची द्या. तिसरीची नको, आठवीची तर मुळीच नको. आणि तीसुद्धा लगेच नको, भागाकार हातात बसल्यावर.

हे असं का, ते आता नीट सांगते. तुमच्या पत्रात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. एक प्रश्न असा, की माझ्या लेकीला आज नेमकं काय येतं? दुसरा असा, की उद्या कुणी कागद मागितला तर तिच्याकडे काय असावं? पहिल्यासाठी घरच्या घरी करायची चाचणी लागते, दुसऱ्यासाठी मंडळाची परीक्षा. तुमच्या घरात बाई, दीर, नणंद आणि सासरे चौघंही एकाच वेळी या दोन्हींबद्दल बोलत आहेत, म्हणून कुणाचंच पटत नाही.

पहिल्या प्रश्नाला वयाची, इयत्तेची किंवा गेल्या निकालाची काही गरज नाही. मुलगी वाचनात सातवीची आणि गणितात तिसरीची असेल, तर ती दोन्ही आहे. यात काळजीचं काही नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांचंही असंच असतं, फक्त तिथे सगळ्यांना एकाच बाकावर बसवल्यामुळे ते दिसत नाही. घरी शिकवण्याचा मोठा फायदा हाच, की तुम्ही तिला मराठीला एका पातळीवर आणि गणिताला दुसऱ्या पातळीवर बसवू शकता. म्हणून घरची चाचणी घेताना एकच इयत्ता ठरवू नका. विषयागणिक वेगळी ठरवा.

कुठून सुरुवात करायची, याची एक चांगली रीत आपल्याकडेच तयार आहे. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून गावोगावी ‘असर’ नावाची पाहणी करते. त्यात मुलगा सहा वर्षांचा असो की चौदा वर्षांचा, कागद एकच असतो. वाचनासाठी अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितासाठी अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही वाटते, की सुरुवात मधून करतात. वाचनात आधी परिच्छेद पुढे ठेवतात. सहज वाचला तर वर गोष्टीकडे, अडखळला तर खाली शब्दांकडे. गणितात आधी वजाबाकी देतात, मग वर किंवा खाली. मुलाला पहिल्याच प्रश्नाला धडकी भरत नाही आणि अगदी बाळबोध प्रश्नांनी कंटाळाही येत नाही. हा कागद मराठीतही आहे आणि विनामूल्य मिळतो. तुमची लेक वाचनात त्याच्या पुष्कळ पुढे आहे, पण गणिताचा भाग तिला जरूर द्या.

त्यापुढे बालभारतीची पुस्तकं वापरा. पहिलीपासूनची सगळी बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. गणिताची तिसरी, चौथी आणि पाचवीची पुस्तकं घ्या आणि प्रत्येकातली, वर्षाच्या शेवटाकडची दहा-दहा उदाहरणं वेगळ्या कागदावर लिहून काढा. वर इयत्ता लिहू नका, तिला ती कळायला नको. चौथीच्या कागदापासून सुरुवात करा. दहापैकी आठ-नऊ सहज आली तर पाचवीचा कागद द्या. चारच आली तर तिसरीचा. ज्या कागदावर पाच ते सात बरोबर येतील आणि उरलेल्यांवर ती विचार करत बसेल, ती तिची आजची पातळी. हा आकडा काही सरकारी नियम नाही. इतकी वर्षं मुलांपुढे कागद ठेवून मला तो उपयोगी वाटला आहे, इतकंच.

काही जण लेकराला बरं वाटावं म्हणून सोपा कागद देतात. दहापैकी दहा आले, घरात आनंद झाला, पण कळलं काय? आपल्याकडे विहिरीचं पाणी किती खोल गेलंय ते पाहायला दोर सोडतात. दोर आखूड असेल तर तो हवेतच लोंबतो आणि पाणी किती खाली आहे ते कळतच नाही. सोप्या कागदाचं तसंच होतं. फार अवघड कागदाचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. सगळं चुकलं, तर तिला तिसरीचंही येत नाही की फक्त पाचवीचं येत नाही, हे त्यातून समजणार नाही. तुमच्या जुन्या बाईंचा सल्ला मराठीला लावला तर दोर आखूड पडतो. दिरांचा सल्ला गणिताला लावला तर लेक रडते. दोघंही आपापल्या परीने तिचं भलंच पाहत आहेत.

चाचणी सकाळी घ्या, ऊन चढायच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली बसलेल्या मुलाची चुकलेली गणितं ही गणितातली चूक आहे असं मी मानत नाही. एका बैठकीत एकच विषय. घड्याळ लावू नका. मदत करू नका, भुवयाही उंचावू नका, मुलं आईच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचतात. चुकलं की लगेच खोडून शिकवायला बसू नका, तो त्या दिवसाचा उद्योग नाही. फक्त प्रत्येक चुकीपुढे स्वतःसाठी एक खूण करा. रीतच माहीत नव्हती, की रीत बरोबर आणि पाढा चुकला, की प्रश्नच समजला नाही, की घाई झाली. या चारांपैकी कोणती खूण जास्त वेळा आली, ते एकूण गुणांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता अहिराणीबद्दल. बिघडत काहीच नाही, उलट दोन भाषा येणारी मुलगी आहे तुमची. पण चाचणीत एक गोष्ट पाहायला हवी. गोष्ट वाचून सांगणं वेगळं आणि ‘प्रत्येकी’, ‘एकूण’, ‘च्या दराने’, ‘पेक्षा कितीने जास्त’ हे गणिताच्या पुस्तकातलं मराठी वेगळं. हे शब्द आपल्या घरात, बांधावर, बाजारात कुणी त्या रूपात बोलत नाही. म्हणून शब्दांतलं एखादं उदाहरण चुकलं, तर तेच तिला तोंडी, अहिराणीत सांगा. ७२ केळी आहेत, सहा जणांत सारखी वाटायची, एकेकाला किती? अहिराणीत ऐकून जमलं, तर तिला भागाकार येतो, पुस्तकाची भाषा यायची आहे, आणि तिचं गणिताचं पान एक इयत्ता वर लागेल. अहिराणीत ऐकूनही अडली, तर अडचण खरोखर भागाकाराची आहे. यावल-रावेरकडे लेवा बोलीत वाढणाऱ्या आणि सातपुड्यात पावरी बोलणाऱ्या मुलांच्या आयांनाही मी हेच सांगते. मूल प्रश्नाला अडलंय की प्रश्नाच्या भाषेला, हे तपासल्याशिवाय त्याला खालच्या पातळीवर बसवू नका.

नणंदबाईंच्या चाचणीतला ‘लेव्हल १०’ पाहून घाबरू नका. तो दहावीचा नाही. आयोवा चाचणीत पातळीचा आकडा साधारण मुलाच्या वयाच्या जवळ ठेवलेला असतो. लेव्हल ९ तिसरीसाठी, लेव्हल १० चौथीसाठी, लेव्हल १४ आठवीसाठी. त्यांना ती लागते, कारण तिकडे काही राज्यांत घरी शिकणाऱ्या मुलांची अशी प्रमाणित चाचणी कायद्यानेच घ्यावी लागते. पेनसिल्व्हेनियात ती तिसरी, पाचवी आणि आठवीला असते. तुमच्यावर तसं बंधन नाही. शिवाय ती चाचणी इंग्रजीत, उदाहरणं डॉलर आणि इंचांची, आणि निकालात तुलना अमेरिकेतल्या मुलांशी. तुमच्या लेकीने ती दिली तर तिचं इंग्रजीच मोजलं जाईल.

तरी अशा चाचण्यांच्या निकालातल्या दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण आता आपल्याकडच्या खासगी चाचण्याही असेच निकाल देतात. पर्सेंटाइल ६० म्हणजे शंभरपैकी ६० गुण नव्हेत. त्याच इयत्तेच्या शंभरातल्या सुमारे ६० मुलांपेक्षा तिचं काम सरस झालं, असा त्याचा अर्थ. आणि चौथीच्या मुलाच्या निकालावर ‘इयत्ता ७’ असं समतुल्य लिहिलेलं आलं, तर त्याला सातवीचं गणित येतं असं समजू नका. त्याने चौथीचा कागद, सातवीतल्या सर्वसाधारण मुलाने जसा सोडवला असता तसा सोडवला, एवढंच त्यातून कळतं. त्याला सातवीत बसवलं तर अपूर्णांकांच्या दुसऱ्याच पानावर अडेल.

शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा उपयोग सरावाला जरूर करा. १५० गुणांचे दोन पेपर असतात, पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. पण त्यावरून पातळी ठरवू नका. ती परीक्षा हजारोंतून थोडे निवडण्यासाठी आहे, तिथे अर्धे गुण पडले तरी मूल कच्चं ठरत नाही. आणि ती शाळेमार्फतच द्यावी लागते, त्यामुळे तुमच्या लेकीला आज ती देता येणार नाही.

आता कागदाचा प्रश्न. इथे मात्र वय आणि नियम दोन्ही पाहावे लागतात.

घरी शिकणाऱ्या मुलाला तीन वाटा आहेत. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी तीन स्तर ठेवते: ‘अ’ म्हणजे तिसरीच्या बरोबरीचा, ‘ब’ पाचवीच्या आणि ‘क’ आठवीच्या. हे त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत होतं, त्यामुळे जवळचं केंद्र कोणतं ते आधी पुण्याच्या विभागीय कार्यालयातून विचारून घ्या. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. तिथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या पातळ्या आहेत आणि मराठीतून परीक्षा देता येते. प्रत्येक पातळीला वयाची अट असते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. तिसरी वाट पुन्हा शाळेची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षणही मिळायला हवं. दहा पूर्ण म्हणजे पाचवी.

पण इथे एक बारकावा आहे, आणि माझं उत्तर बरंचसं त्यावर उभं आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवीपर्यंत वयानुसार प्रवेश सरळ मिळतो, पण सहावी ते आठवीत वयानुसार बसायचं तर पाचवीची ठरवून दिलेली परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर पाचवीतच बसवतात. पुढे कधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करायची वेळ आली, तर तिथेही किमान पाचवी उत्तीर्ण आणि वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. आपल्या धुळे, जळगाव आणि नंदुरबारचं हे काम नाशिक विभागीय मंडळाकडे येतं. म्हणजे पुढच्या बहुतेक दारांवर पाचवी विचारली जाते. म्हणून पाचवी.

तिसरीचा स्तर कशाला नको? तिच्याकडे तिसरी पास झाल्याचा शाळेचा दाखला आहे. तोच कागद पुन्हा मिळवण्यात एक वर्ष कशाला घालवायचं?

आणि आठवीचं सांगते, हे दिरांनाही वाचून दाखवा. समजा वयाची अट आड आली नाही आणि लेकीने रट्टा मारून आठवी काढलीही. पुढे काय? एनआयओएसची दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही, सतरा नंबरचंही तेच. म्हणजे ती जवळजवळ चार वर्षं दारात बसून राहील. शिवाय एनआयओएसच्या दहावीला आठवीचं प्रमाणपत्रच हवं असं नाही. दहावीचा अभ्यास करण्याइतपत शिक्षण झालं आहे, असं स्वतःचं लेखी निवेदन दिलं तरी चालतं. वाचलेली वर्षं म्हणतात ती कुठेच वाचत नाहीत. जातात मात्र आईच्या मांडीवर बसून गोष्टी सांगायची वर्षं, घोकंपट्टीत. माझं याबाबतीत मत पक्कं आहे. हुशार मुलाला वरच्या परीक्षेत ढकलण्यापेक्षा त्याला त्याच वयात जास्त रुंद आणि खोल शिकू द्यावं. सातवीचे धडे वाचते ना, तिला दहावीचे वाचू द्या, वर्तमानपत्र वाचू द्या, आजीकडून ओव्या ऐकून उतरवून घेऊ द्या. त्याला परीक्षा लागत नाही.

तर मग या वर्षी काय? भागाकार. मुलं भागाकाराला रडतात तेव्हा बहुतेक वेळा दुखणं भागाकारात नसतं, त्याच्या खालच्या पायरीत असतं. उलट जाऊन पाहा. ५२ मधून २७ हातच्याने वजा करता येतात का? सहा, सात, आठचे पाढे मधूनच विचारले तर सांगते का, की प्रत्येक वेळी पहिल्यापासून म्हणत यावं लागतं? ३७ गुणिले ४ जमतं का? जिथे अडेल तिथे थांबा आणि तेच पक्कं करा. मग भागाकार पैशांनी शिकवा. ८४ रुपये घ्या, दहाच्या आठ नोटा आणि चार नाणी. तिघांत वाटायला सांगा. एकेकाला दोन नोटा गेल्या, दोन उरल्या. त्या दोन नोटा मोडून वीस नाणी आली, आधीची चार धरून चोवीस, एकेकाला आठ. प्रत्येकी २८. वहीतल्या मांडणीत ‘वरून आकडा खाली घेणे’ म्हणतात ते हेच, नोट मोडणं. नोटा हातात असताना बाजूला वहीत तीच कृती लिहायला लावा. काही दिवसांनी नोटा आपोआप बाजूला पडतील. मग चौथीचा तोच कागद नव्या आकड्यांनी पुन्हा द्या आणि सात-आठ आली की पाचवीच्या अर्जाचं पाहा.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, घरच्या चाचणीत नापास होण्याची सोयच नाही, कारण त्यात पास नाही. आणि पाचवीच्या परीक्षेला ती तयार झाल्यावरच बसणार आहे. शाळेतल्या पाचवी आणि आठवीलाही आता वार्षिक परीक्षा आहे, त्यातही राहिलेल्या मुलाला फेरपरीक्षेची संधी असते. लेकीसमोर मात्र गावाचं नाव काढू नका. दहा वर्षांची पोर भागाकाराला रडते तेव्हा तिला गावाचं नव्हे, घरातल्या मोठ्या माणसांचं भय वाटत असतं. तिला साधं सांगा, तुला काय शिकवायचं राहिलंय ते मला कळावं म्हणून हा कागद आहे. निकालही तिच्यासोबत बसून पाहा, कुठे अडलं ते तिलाच दाखवू द्या.

आणि एक काम या आठवड्यातच करा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला घरात आहे ना, ते पाहा. नसेल तर जुन्या शाळेकडून मागून घ्या. जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग आणि जात त्यावर बरोबर लिहिली आहे का, हे जन्मदाखला आणि आधारशी ताडून बघा. पुढे जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला हाच कागद मागतात आणि तेव्हा एका अक्षराच्या फरकासाठी शिरपूर-धुळे चकरा होतात. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कुणी गुरुजी घरी आले तर लपवाछपवी करू नका. घरी शिकवतो, पाचवी मुक्त विद्यालयातून देणार आहोत, असं सांगा आणि तिच्या वह्या दाखवा. त्यासाठी वह्यांवर तारखा टाकत चला.

चौथीचा कागद घेतलात की त्या चार खुणांपैकी कोणती जास्त आली ते मला कळवा. भागाकाराच्या वहीची दोन-चार पानं फोटो काढून पाठवलीत तर पुढे काय करायचं ते अधिक नेमकं सांगता येईल.